गर्भाशयाचा रंग आणि प्राणवायूचा आकडा

गर्भाशय प्रत्यारोपणाचा इतिहास बाळांच्या जन्मतारखांनी सांगितला जातो: स्वीडन, सप्टेंबर २०१४; पुणे, १८ ऑक्टोबर २०१८. माझ्या मते तो रक्तवाहिन्यांनी सांगायला हवा, आणि मग सुरुवात सौदी अरेबियातल्या जेद्दापासून करावी लागते. एप्रिल २००० मध्ये तिथे डॉ. वफा फगीह यांच्या पथकाने ४६ वर्षांच्या दात्या स्त्रीचं गर्भाशय २६ वर्षांच्या तरुणीला बसवलं. वाहिन्या आखूड पडत होत्या, म्हणून पायातल्या शिरेचे तुकडे जोडून त्या लांबवल्या. ९९ दिवसांनी वाहिन्यांत गुठळ्या झाल्या, रक्तपुरवठा थांबला आणि गर्भाशय काढावं लागलं. या प्रयत्नाची नोंद अपयश म्हणून होते. मला त्याचं मोल अधिक वाटतं, कारण खरी अडचण कुठे आहे ते त्यानेच दाखवलं.

अडचण मुख्यतः शिरांची. गर्भाशयाच्या शिरा नाजूक, खोल आणि मूत्रवाहिनीला लगटून असतात. स्वीडनमध्ये दात्या स्त्रीवरची शस्त्रक्रिया दहा-तेरा तास चाले, ती बरीचशी यामुळेच. पुण्यात मे २०१७ मध्ये डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या पथकाने आईचं गर्भाशय दुर्बिणीतून सोडवून मुलीला बसवलं. टाके झाले, चिमटे निघाले, की अवयव गुलाबी होतो का हे शल्यविशारद पाहतो. पण धमनी वाहती आणि शीर तुंबलेली असेल, तर नाडी लागते आणि ऊतींचा प्राणवायू मात्र उतरत जातो. डोळ्याला निळसर छटा दिसेपर्यंत वेळ गेलेला असतो. म्हणूनच लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी सशांवर आणि मेंढ्यांवर अनेक तरंगलांबींच्या प्रकाशात गर्भाशयाची छायाचित्रं घेऊन ऊतींतला प्राणवायू मोजून पाहिला.

यावर आक्षेप असा, की या मोजमापाशिवायही बाळं जन्मली, आणि जेद्दाचं गर्भाशय तर टेबलावर नव्हे, तीन महिन्यांनी गेलं. बहुधा आधाराअभावी वाहिन्यांवर ताण आणि पीळ पडला. आक्षेप खरा आहे. आकडा पुढचा पीळ टाळणार नाही. पण पोट शिवताना प्राणवायू पुरेसा होता अशी नोंद असेल, तर नंतरच्या बिघाडाचा दोष टाक्यांवर जात नाही, आधार किंवा शरीराचा नकार याकडे शोध वळतो. शिवाय मूत्रपिंड वा यकृत पोट शिवल्यावर नजरेआड होतं. गर्भाशयाचं तसं नाही. त्याचं मुख योनीमार्गातून पाहता येतं, नकाराच्या तपासणीसाठी तिथूनच तुकडा घेतात. मोजमाप तिथेही चालू ठेवता येईल.