आघात आणि वितरणाचे शेपूट

पुलावरून जाणाऱ्या जड वाहनांचे धक्के गणितात दोन प्रकारे आणता येतात. एक, ते सलग समजून प्रसामान्य श्वेत रव मानायचे. दोन, प्रत्येक आघात सुटा ठेवायचा: तो केव्हा येईल हे प्वासाँ प्रक्रिया ठरवते, किती मोठा असेल हे त्याचे स्वतःचे वितरण. पहिल्या मार्गात आकडेमोड सोपी होते. पण प्रश्न मोडतोडीचा असेल, म्हणजे क्वचित येणाऱ्या मोठ्या प्रतिसादाचा असेल, तर हाच मार्ग दगा देतो.

रेषीय प्रणालीत प्रत्येक आघाताचा प्रतिसाद वेगळा काढून बेरीज करता येते. नॉर्मन कॅम्बेल यांचे १९०९ चे प्रमेय याच बेरजेवर उभे आहे. समजा, एक राशी प्रत्येक आघातासरशी वर उडी घेते आणि मधल्या काळात स्वतःच्या प्रमाणात ओसरते. उड्यांचे वितरण घातांकी असेल, तर स्थिर अवस्थेतले वितरण गॅमा निघते. त्याचा आकारांक म्हणजे आघातांचा दर भागिले ओसरण्याचा दर. हा आकारांक १०० असेल तर अतिरिक्त शिखरता ०.०६, म्हणजे वितरण जवळजवळ प्रसामान्य, ०.५ असेल तर तीच १२, आणि शून्यापाशी घनता अमर्याद वाढते. प्रणाली बहुतेक वेळ निवांत असते आणि अधूनमधून फार दूर जाते.

आता ओसरण्याच्या, म्हणजे मूळ स्थितीकडे परतीच्या, पदात घन पद मिसळू. बेरजेची सोय संपते, तरीही अचूक उत्तर मिळते. कोणतीही पातळी घ्या: स्थिर अवस्थेत तिच्यावरून खाली वाहणारी संभाव्यता आणि उडीने ती ओलांडणारी संभाव्यता सारखीच असली पाहिजे. एवढ्या समतोलातून एक साधे विकलक समीकरण मिळते आणि ते सुटते. श्वेत रवाखाली या प्रणालीची घनता चलाच्या चतुर्घाताने घातांकी पडते. आघातांखाली मात्र शेपूट उड्यांइतक्याच संथपणे, साध्या घातांकी गतीने उतरते. घन पदामुळे त्याला फक्त चलाच्या घनाचा भागाकार मिळतो. घन पदाचा सहगुणक घातांकात कुठेच नाही! कारण स्पष्ट आहे. कडक परत प्रणालीला वर किती वेळ टिकू द्यायचे हे ठरवते. तिथवर पोहोचवते ती एकच मोठी उडी, आणि तिला अडवणे परतीच्या हातात नाही.

म्हणूनच परिबलांची समीकरणे प्रसामान्य गृहीतकाने मिटवण्याची पद्धत मला इथे धोक्याची वाटते; ती विचरण बरे देईलही, शेपूट नाही. संभाव्यता घनता काळानुसार कशी बदलते हे सांगणाऱ्या फोकर-प्लांक समीकरणात वरची पदे जोडत जावे, तर पावुला यांचे १९६७ चे प्रमेय आडवे येते: दुसऱ्या पदापुढे मर्यादित पदांवर थांबले की घनता ऋण होऊ शकते. माँटे कार्लोने दशलक्षात एक अशी संभाव्यता १० टक्के त्रुटीत हवी असेल, तर सुमारे १० कोटी नमुने लागतात.

डफिंग दोलकात, म्हणजे घन परतबल असलेल्या दोलकात, आघात वेगाला बसतो, विस्थापनाला नाही, त्यामुळे कडकपणाचा थोडा उपयोग होतो. एकाच मोठ्या आघाताच्या ऊर्जेचा ढोबळ हिशेब केला, तर विस्थापनाच्या शेपटातला घातांक वर्गाच्या प्रमाणात वाढतो. श्वेत रवाने वर्तवलेला चतुर्घात इथेही मिळत नाही. त्यामुळे अशा संरचनेसाठी आघातांच्या वर्गांची सरासरी मोजून भागत नाही. सर्वांत मोठे आघात किती झपाट्याने विरळ होत जातात, हे स्वतंत्रपणे मोजावे लागते.