दिनदर्शिकेची तुटलेली ओळ

भिंतीवरचे पंचांग एका वर्षाने उतरते. संगणकाच्या कॅलेंडरात मात्र दहा-दहा वर्षांच्या सभा, भेटी आणि श्राद्धतिथी साठून राहतात. त्या दुसरीकडे न्यावयाच्या झाल्या म्हणजे सगळ्यांची मिळून एक फाइल हाती येते, आणि तीत दुबार नोंदी व निरुपयोगी मजकूरही येतो. ही फाइल निवडण्याचे काम लहान असले, तरी त्यात दोन निरनिराळ्या इतिहासांची गाठ पडते, असे आम्हांस वाटते.

पहिला इतिहास साधनांचा. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. थॉम्पसन यांचा ‘एड’ हा संपादक ओळीओळीने काम करी. ली मॅकमहॉन यांना ‘फेडरॅलिस्ट’ निबंधांच्या कर्तृत्वाचा शोध घ्यावयाचा होता. परंतु तो मजकूर ‘एड’मध्ये मावेना. तेव्हा थॉम्पसन यांनी त्यातील शोधाचा भाग वेगळा काढला, तो ‘ग्रेप’. पुढे मॅकमहॉन यांनी ‘सेड’ रचला. १९७७ साली आहो, वाइनबर्गर व कर्निगन या तिघांच्या आद्याक्षरांचा ‘ऑक’ आला. एकाचे काम संपताच मजकूर दुसऱ्याच्या हाती देणारी ‘पाइप’ची सोय डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने १९७३ मध्येच झाली होती. या साऱ्यांचे गृहीत एकच : मजकूर साध्या अक्षरांचा, आणि ओळ हे त्याचे एकक.

दुसरा इतिहास फाइलीचा. १९९६ च्या ‘व्हीकॅलेंडर’मधून १९९८ साली ‘आयकॅलेंडर’ हे इंटरनेटचे प्रमाण निघाले. २००९ साली ते सुधारले गेले. यातही मजकूर साधाच. परंतु एक ओळ ७५ बाइटांहून लांब नसावी, लांब झाल्यास तोडावी आणि पुढील ओळ एक जागा सोडून सुरू करावी, असा नियम आहे. आमच्या पोथ्यांतही पानाची कड आली की शब्द तुटे. वाचणारा तो मनात जोडून घेई. ‘ग्रेप’ जोडून घेत नाही. ‘वार्षिक सभा’ हे शब्द दोन ओळींत विभागले गेले, तर सभा नाहीच असे तो सांगेल. म्हणून आधी तुटलेल्या ओळी सांधाव्यात, मग शोधावे. ओळी क्रमाने लावून दुबार ओळी गाळू म्हटले, तर सगळे आरंभ एकीकडे आणि सगळ्या तारखा दुसरीकडे जाऊन पडतात. येथे एकक ओळ नव्हे, संपूर्ण नोंद होय. नोंदीचा ओळखक्रमांक पाहून दुबार काढतानाही जपावे लागते. कारण दर आठवड्याच्या वर्गाचा एखादा दिवस बदलला, तर बदललेली नोंद तोच क्रमांक धारण करते. तिला दुबार समजून काढली, तर बदल नाहीसा होतो.

आता आमच्या लिपीकडे वळू. १९९२ साली थॉम्पसन व रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही लेखनपद्धती योजली. तीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात; मात्रा व हलन्तही त्यात मोजले जातात. ‘स्त्री’ या एका अक्षराचे १८ बाइट होतात. ७५ ला ३ ने भाग जातो खरा. पण ओळीच्या आरंभीचे इंग्रजी नाव आणि शब्दांमधील मोकळ्या जागा हिशेब बिघडवतात. मग कड चिन्हाच्या मधोमध येऊ शकते. अगदी साध्या प्रणालींकडून अशी चिन्हे तुटू शकतात, हे २००९ च्या प्रमाणातच नमूद आहे. अशी फाइल सांधावयाची ती बाइटांच्या पातळीवर, अक्षरे उलगडण्याच्या आधी. अर्धवट बाइट अशुद्ध म्हणून आधीच झाडून टाकले, तर ते अक्षर पुन्हा मिळत नाही.

साधनाला ओळ कळते. नोंद कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हे माणसालाच सांगावे लागते. म्हणून मूळ फाइल बाजूला ठेवून प्रतीवरच हात चालवावा. मजकूर साध्या अक्षरांत आहे, म्हणूनच अर्धशतकापूर्वीची साधने आजही त्यावर चालतात. आणि आपल्या दिवसांची नोंद आपल्यालाच वाचता येते, हा लाभ आम्ही थोडा मानीत नाही.