मेरुद्रव-न्यूनदाब डोकेदुखी : उपचार
मेंदू व मज्जारज्जू यांभोवती खेळणारा मस्तिष्कमेरुद्रव बाहेरच्या जाड आवरणातून, म्हणजे दृढावरणातून, पाझरू लागला की मेंदूचा आधार कमी होतो, तो किंचित खाली ओढला जातो आणि आवरणांवर व शिरांवर ताण येऊन डोके दुखते. हे दुखणे उठून बसताच वाढते व आडवे होताच उतरते. निदानाची मुख्य खूण हीच होय. प्रौढाच्या शरीरात हा द्रव सुमारे 150 मिलि. असतो आणि दिवसाला सुमारे 500 मिलि. नव्याने तयार होतो, त्यामुळे छिद्र बुजले की तूट लवकर भरून निघते.

कमरेतून भूल देताना सुईने पडलेले छिद्र हे याचे नेहमीचे कारण असून 1898 मध्ये ही भूल प्रथम वापरणाऱ्या आउगुस्ट बीअर यांनाही स्वतःवरील प्रयोगानंतर हा त्रास झाला होता. सिझेरियन बहुधा याच भुलीखाली होत असल्याने सोलापूरच्या शासकीय सर्वोपचार रुग्णालयाइतकाच जुळे सोलापूरसारख्या उपनगरातील प्रसूतिगृहांनाही हा विषय जवळचा आहे. दुखणे सहसा पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू होते, आणि घरी ‘वारा बाधला’ म्हणून ओल्या बाळंतिणीचे कान बांधले जातात. बसल्यावर दुखते की निजल्यावर, हे मात्र विचारले जात नाही.

सौम्य त्रासात विश्रांती, पुरेसे पाणी, पॅरासिटामॉल व कॅफीन यांवर भागते आणि बहुतेक रुग्ण एक-दोन आठवड्यांत बरे होतात. भुलीनंतर उशी काढून सक्तीने निजवून ठेवल्याने मात्र हा त्रास टळत नाही. पेन्सिलीच्या टोकासारखी बारीक सुई वापरल्याने तो खरोखर घटतो. दुखणे तीव्र असल्यास रक्त-ठिगळ हा सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो. जेम्स गॉर्मली यांनी 1960 मध्ये मांडलेल्या या पद्धतीत भूलतज्ज्ञ रुग्णाच्याच दंडातील सुमारे 15 ते 20 मिलि. रक्त निर्जंतुकपणे काढून दृढावरणाबाहेरच्या पोकळीत सोडतो. ते गोठून छिद्र बुजते, द्रवाचा दाब सावरतो आणि पुष्कळदा काही तासांतच उतार पडतो. ताप, सुईच्या जागी जंतुसंसर्ग किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास हा उपाय टाळतात.

सुई न टोचताही, हाडाच्या टोकाने आवरण फाटून किंवा द्रव थेट शिरेत जाऊन, गळती होऊ शकते. तेव्हा एमआरआय व मायलोग्रामने जागा शोधून ठिगळ किंवा शस्त्रक्रिया करावी लागते. निजल्यावरही दुखणे न थांबणे, झटके, नजर धूसर होणे किंवा वाढलेला रक्तदाब दिसल्यास मेंदूतील शिरेत गुठळी, आवरणाखालील रक्तस्राव अथवा गर्भाक्षेपाची शंका घेऊन तातडीने तपासणी करावी लागते.