पोरगं केवढं?

आमच्या मामाचं नागपुरात औषधांचं दुकान होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथे स्टुलावर बसून असायचो. काटोल, सावनेरकडून कामाला आलेली माणसं परतताना थांबायची. "भाऊ, पोरगं लय खोकलून राह्यलं, द्या काही." मामा कपाटाकडे हात नेण्याआधी विचारायचा, "पोरगं केवढं? ताप आहे का? कधीपासून?" कधी काहीच न देता 'मेडिकल'ला पाठवून द्यायचा. (नागपुरात मेडिकल म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना. बाहेरच्यांचा इथे हमखास घोटाळा होतो!)

आजीच्या गावात असा कोणी नव्हता. वाणी होता. तुरीच्या डाळीच्या पोत्यावर फळी, फळीवर डोकेदुखीच्या गोळ्या, बाम, ग्राइप वॉटर. मला कित्येक वर्षं वाटायचं की हा सगळा लपूनछपून चालणारा धंदा. तसं नव्हतं.

खेड्यात डॉक्टरशिवाय औषध पोचवायची खटपट इंग्रजांपासूनची. १८९२ मध्ये बंगालात पोस्टातून एका पैशाला क्विनाइनची पुडी विकायला सुरुवात झाली, मग ती पद्धत इतरत्रही पसरली. हिवतापाने माणसं मरत होती, आणि पोस्टमास्तर तेवढा सगळीकडे होता. शुद्ध-अशुद्ध औषधाचा देशभरचा कायदा मात्र नव्हता. १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रांची समिती नेमली गेली, १९४० मध्ये कायदा झाला, १९४५ मध्ये नियम. १९४८ च्या फार्मसी कायद्याने नोंदणीकृत फार्मासिस्ट आला. त्याने पेशंटला औषध समजावून सांगायचं, हे नियमांत स्पष्ट लिहायला २०१५ उजाडलं. मामा ते नियमाशिवायच करत होता.

पण त्या १९४५ च्या नियमांना 'शेड्यूल के' नावाची एक पुरवणी आहे, सवलतींची. तिच्यात घरगुती औषधांची एक यादी आहे. ॲस्पिरिन, पॅरासिटामॉल, बाम, ग्राइप वॉटर, खोकल्याची सिरपं आणि गोळ्या, एरंडेल, निलगिरीचं तेल, टिंक्चर आयोडीन. गावाची वस्ती हजाराच्या आत असेल आणि माल सीलबंद असेल, तर हे विकायला परवाना लागत नाही. म्हणजे आमचा वाणी कायद्यातच होता. गंमत म्हणजे (गंमत कसली!) याच यादीत जुलाबावरची आयोडोक्लोरोहायड्रॉक्सीक्विनोलिनची गोळीही घातलेली. तिच्यामुळे हजारो लोकांच्या मज्जातंतूंना इजा झाली म्हणून जपानने ती १९७० मध्ये बंद केली होती.

यादी करणाऱ्यांना मी दोष देत नाही. कोसभर चालून ताप उतरवणारी गोळी आणायची का, असा प्रश्न होता. त्यांनी गोळी गावात पोचवली. विचारणारा माणूस तेवढा पोचला नाही.

हे सगळं आता आठवायचं कारण २०२५. शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातली लहान मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन नागपूरच्या दवाखान्यांत येऊ लागली. वीसहून जास्त मुलं गेली. कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपमध्ये ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये १४ रुग्ण याच विषाने दगावले होते, तेव्हा ते ग्लिसरिनमधून आलं होतं.

वर्षाअखेरीस 'शेड्यूल के'च्या यादीतून सिरप हा शब्द काढायचा प्रस्ताव केंद्राने आणला. ठीकच आहे. पण ही बाटली वाण्याच्या फळीवरची नव्हती हो! अनेक मुलांना ती डॉक्टरने लिहून दिली होती, औषधांच्या दुकानातून घेतली होती. बाटलीतलं विष मामालाही दिसलं नसतं, हे कबूल. मात्र त्या सिरपमधली क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन ही जोडी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच सांगितलं होतं. गेलेल्यांत कितीतरी त्याहून लहान होती. "पोरगं केवढं?" एवढंच कुणीतरी विचारायला हवं होतं.

परवा मावशीला फोन केला. ती अजून गावातच असते. वाण्याचं दुकान आता त्याचा नातू चालवतो, फळी तीच आहे म्हणाली. मी विचारलं, औषध देताना काही विचारतो का गं तो?

"विचारते नं. सुट्टे आहेत का म्हून."