हर्णै
रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील मासेमारी बंदर व ऐतिहासिक गाव. हे दापोलीच्या वायव्येस सुमारे १६ किमी.वर अरबी समुद्राकाठी आहे. उत्तरेस पाजपंढरी ही कोळी वस्ती व पलीकडे आंजर्ल्याची खाडी, तर दक्षिणेस मुरूड आहे. मासेमारीत कोळ्यांबरोबर मुस्लिम दर्यावर्दीही आहेत.

गावासमोर भर समुद्रात सुवर्णदुर्ग आहे. काठावरचे कनकदुर्ग, फत्तेगड व गोवा हे तीन किल्ले त्याचेच पाठीराखे. मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्र्यांची कारकीर्द सुवर्णदुर्गावर आकारास आली. पुढे त्यांचे पुत्र तुळाजी आंग्र्यांचे पेशव्यांशी बिनसले आणि एप्रिल १७५५ मध्ये पेशव्यांच्या संगनमताने इंग्रजांचा कमोडोर विल्यम जेम्स येथे चालून आला. त्याच्या ‘प्रोटेक्टर’ जहाजाच्या तोफांनी दारूकोठार पेटले आणि किल्ला पडला. नंतर तो पेशव्यांच्या हवाली झाला. मराठ्यांचेच आरमार मोडण्यास परक्यांचा हात धरण्याची किंमत पुढे पेशवाईला मोजावी लागली. जेम्सच्या पत्नीने त्याच्या मृत्यूनंतर, १७८४ मध्ये, लंडनच्या शूटर्स हिलवर स्मारक-मनोरा उभारला. सुवर्णदुर्गाचे नाव मोडक्या उच्चाराने धारण करणारा ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’ तो हाच. १८०२ मध्ये होळकरांच्या धास्तीने पुणे सोडलेला पेशवा दुसरा बाजीराव सुवर्णदुर्गाच्या आश्रयास आला व तेथून गलबताने वसईस गेला. १८१८ मध्ये हा परिसर इंग्रजांकडे आला. किनारी आगबोटींच्या काळात हर्णै हा एक थांबा होता. बोट दूर नांगरत असे व उतारू पडावांतून किनाऱ्यास येत.

किल्ल्यांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, पण गाव पोसले ते मासळीने. सकाळ-संध्याकाळ वाळूवरच लिलाव भरतो. नौका उथळ पाण्यात थांबतात आणि बैलगाड्या चाके बुडेपर्यंत आत शिरून पापलेट, सुरमई, कोळंबी, म्हाकूल असा माल बाहेर आणतात. ढीग मांडताच बोली लागते. व्यापारी तो बर्फात भरून बाहेरच्या बाजारांत धाडतात. सुक्या मासळीचा व्यवहार मुख्यत्वे बायकांच्या हाती असतो. पावसाळी बंदीत जाळी विणणे व नौकांची डागडुजी चालते. नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण करतात.

बंदर उघड्यावर असल्याने वारा फिरला की नौकांना आंजर्ल्याच्या खाडीचा आसरा घ्यावा लागतो. खाडीचे मुख गाळाने उथळ झाल्यामुळे ऐन वादळात आत शिरणेच जोखमीचे ठरते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरील घरे व बागायतींची मोठी हानी केली. पक्क्या जेटीची मच्छीमारांची मागणी मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे.