दहा सेकंदांची नजर

एखादी आकृती डोळ्यांसमोरून हलविल्यावर तिची प्रतिमा मनात कितपत टिकते, या प्रश्नाला मुलांच्या भवितव्याचे महत्त्व आले ते पॅरिस नगरीत. नेहमीच्या शिक्षणाचा लाभ न होणाऱ्या मुलांचा विचार करण्यासाठी फ्रेंच सरकारने १९०४ मध्ये एक समिती नेमली. तिचे सभासद आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमोन यांच्या साहाय्याने पुढच्याच वर्षी तीस कसोट्यांची मोजपट्टी सिद्ध केली. तीतील एका कसोटीत दोन रेखाकृती मुलाला दहा सेकंद दाखवीत आणि झाकल्यावर त्या कागदावर काढावयास लावीत.

बिने या विषयात नवखे नव्हते. पटाकडे न पाहता बुद्धिबळ खेळणाऱ्यांचा अभ्यास त्यांनी १८९४ मध्ये ग्रंथरूपाने मांडला होता. अशा खेळाडूच्या मनात पटाचे जणू छायाचित्र उमटत असावे, अशी साधारण समजूत. परंतु निष्णात खेळाडूंच्या सांगण्यावरून निराळेच दिसले. मोहऱ्यांचा रंग वा घडण त्यांना दिसत नसे. ध्यानात राही तो मोहऱ्यांचा एकमेकांवरील रोख.

बिने यांची मोजपट्टी अमेरिकेत लुइस टर्मन यांनी १९१६ मध्ये सुधारली; आकृतींची कसोटी तीतही राहिली. आपल्याकडे हे काम अंगावर घेतले ते धारवाडला डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी. कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी केलेल्या रूपांतरावरील त्यांचा निबंध १९३४ मध्ये आणि ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. हे काम नुसत्या भाषांतराने भागणारे नव्हे, कारण एका भाषेत सोपा असलेला शब्द दुसरीत अवघड ठरतो. आकृतीला मात्र भाषा नसते, असे वाटते. वाटते एवढेच! ज्या मुलाने पाटी-पेन्सिल कधी हाती धरली नाही, त्याच्या डोळ्यांनी आकृती टिपली तरी हात अडतो. चूक हाताची, आणि शिक्का बसतो बुद्धीवर.

पुढच्या संशोधकांनी हातच वगळला. रंगीत चौकोन क्षणभर दाखवावयाचे, किंचित थांबून पुन्हा दाखवावयाचे, आणि काही बदलले काय एवढेच विचारावयाचे. लक आणि व्होगेल यांच्या १९९७ च्या प्रयोगांत सुशिक्षित प्रौढांचीही मजल तीन-चार चौकोनांपलीकडे फारशी गेली नाही.

मग ही शक्ती वाढविता येते काय? चेस आणि सायमन यांनी १९७३ मध्ये बुद्धिबळाचा पट पाचच सेकंद दाखवून पाहिला. खऱ्या डावातील मांडणी निष्णात खेळाडूने नवशिक्यापेक्षा कितीतरी अधिक अचूक पुन्हा मांडली. मोहरे वाटेल तसे विखुरले, तेव्हा त्याचे हे वर्चस्व जवळजवळ नाहीसे झाले. म्हणजे अभ्यासाने वाढली ती जुळणी ओळखण्याची सवय; नजरेची झोळी होती तेवढीच राहिली. ठिपक्यांची रांगोळी एकदा पाहून दारात उतरविणाऱ्या गृहिणीचेही असेच असावे. तिला सुटे ठिपके दिसत नाहीत, त्यांना जोडणारी वळणे दिसतात. तेवढेच ठिपके कोणी रांगा मोडून दाखविले, तर ते आठवणे तिलाही शेजारणीइतकेच जड जाईल.