खडकातले पाणी : साल्हेर, बागलाण आणि माणसाने कोरलेल्या जलगुहा

१/ हिवाळा लागला की शनिवार-रविवारी सटाण्याहून ताहाराबाद-मुल्हेरच्या वाटेने तरुण मित्रांचे जथे साल्हेरकडे निघतात. दमछाक करणारी चढण संपवून ते गंगासागर तलावाशी पोहोचतात, तेव्हा कुणीतरी हमखास विचारतो : इतक्या उंचीवर हे पाणी आले कुठून? या प्रश्नाचे उत्तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून सुरू होते आणि थेट मराठ्यांच्या रणांगणापर्यंत येते. त्याविषयीचा हा धागा.

२/ आरंभ जरा दूरच्या मुलखातून. अमेरिकेतील फ्लोरिडा आणि मेक्सिकोतील युकातान येथे गोड्या पाण्याचे प्रचंड झरे आहेत. त्या झऱ्यांच्या मुखातून आत शिरले की पाण्याने काठोकाठ भरलेल्या, कित्येक किलोमीटर लांबीच्या गुहा लागतात. पाठीवर हवेच्या टाक्या बांधून, हाती दिवा घेऊन त्यांत बुडी मारणारे साहसवीर तिथे सुट्टीच्या दिवशी मित्रमंडळींसह जमतात.

३/ अशा गुहांचे नाव भारतात घरोघरी पोहोचले ते २०१८ मध्ये. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत १२ मुले आणि त्यांचा प्रशिक्षक २३ जूनला अडकले. २ जुलैला ब्रिटिश पाणबुडे त्यांच्यापर्यंत पोहोचले आणि १० जुलैपर्यंत सर्व जण बाहेर आले. गुहेतील पाणी उपसण्याच्या कामी ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या मराठी मातीत वाढलेल्या कंपनीच्या तज्ज्ञांनी तांत्रिक साहाय्य केले होते.

४/ फ्लोरिडा, युकातान, थाम लुआंग या तिन्ही ठिकाणी खडक एकच आहे, तो म्हणजे चुनखडक. पावसाचे पाणी हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते. चुनखडक त्यात हळूहळू विरघळतो. लाखो वर्षांत बारीक भेगेचे भुयार होते आणि भुयाराचे दालन. आपल्याकडे मेघालयातील गुहा अशाच घडल्या आहेत.

५/ सह्याद्रीचे तसे नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वारंवार उसळला, पसरला आणि थिजला. त्या थरांचाच बनला काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट. साल्हेरच्या कड्याकडे दुरून पाहिले की एकावर एक रचलेले हे थर स्पष्ट दिसतात. हा खडक चुनखडकासारखा पाण्यात विरघळत नाही. म्हणून निसर्गाने इथे फ्लोरिडासारख्या जलगुहा घडवल्या नाहीत.

६/ आणि तरीही सह्याद्रीत पाण्याने भरलेल्या गुहा आहेत! अंधाऱ्या, थंडगार, आत खांब असलेल्या. फरक इतकाच की त्या छिन्नी-हातोड्याने घडल्या. गडप्रेमी त्यांना ‘खांबटाकी’ म्हणून ओळखतात.

७/ खांबटाके म्हणजे काय? बाहेरून पाहिले तर खडकातले एक आखूड तोंड. आत डोकावले तर खडकाच्या पोटात दूरवर गेलेले दालन. वरचे छत कोसळू नये म्हणून कोरतानाच मधे खांब राखलेले. बांधकामात खांब उभे करून त्यांवर छत चढवतात. इथे आधी छत असते, आणि भोवतालचा पाषाण काढून टाकला की खांब ‘उरतात’.

८/ एवढा खटाटोप कशासाठी? उघड्या तळ्यातील पाणी चैत्र-वैशाखात उन्हाने झपाट्याने आटते. सूर्यप्रकाश मिळाला की त्यात शेवाळही माजते. खडकाच्या पोटातील पाण्याला ऊन लागत नाही. ते कमी आटते, नितळ राहते आणि भर उन्हाळ्यात दात कळकळावेत इतके गार असते. वीज नव्हती, पंप नव्हता, तेव्हाची ही साठवणयुक्ती होय.

९/ टाक्याची जागा ठरवण्यात पाथरवटाचे खरे कसब दिसे. लाव्हाच्या दोन थरांच्या सांध्यावर कित्येकदा तांबड्या, चिकणमातीसारख्या खडकाचा पट्टा असतो. वरच्या थराच्या भेगांतून मुरलेले पाणी या पट्ट्याशी अडते आणि आडवे पाझरू लागते. अशा पाझराशी टाके कोरले की पावसाच्या पाण्याला झऱ्याची जोड मिळते. शिवनेरीवरील गंगा-जमुना टाक्यांना अशीच झऱ्याची साथ आहे.

१०/ बारकावे आणखी आहेत. उतारावरून वाहणारे पाणी टाक्याकडे वळवण्यासाठी खडकात पन्हळी खोदलेल्या आढळतात. काही ठिकाणी टाकी ओळीने असतात. पहिल्यात गाळ बसतो आणि निवळलेले पाणी पुढच्यात उतरते. काही टाक्यांच्या काठावर छताचे लाकडी खांब रोवण्यासाठी केलेले खळगेही दिसतात. आणि खोदून काढलेला दगड? तो तटबंदीच्या कामी येई.

११/ ही विद्या मराठेशाहीहून पुष्कळ जुनी आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत, म्हणजे प्राचीन त्रिरश्मी डोंगरावर, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्यात लेण्यासोबत पाण्याची टाकी कोरवून घेतल्याचीही नोंद आहे. टाक्यासाठी तिथे ‘पोढी’ हा प्राकृत शब्द येतो. कान्हेरीच्या लेखांतही तो भेटतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्याला निवाऱ्याइतकेच पाण्याचे दान मोलाचे वाटत होते.

१२/ आता बागलाणात येऊ. इथे बागुल घराण्याची सत्ता होती आणि मुल्हेर म्हणजेच मयूरगिरी ही त्यांची राजधानी. याच दरबारी रुद्रकवीने १५९६ मध्ये ‘राष्ट्रौढवंशमहाकाव्य’ रचले. अकबराच्या काळच्या ‘ऐन-ए-अकबरी’त बागलाणच्या सात किल्ल्यांचा उल्लेख असून त्यांपैकी मुल्हेर आणि साल्हेर हे विशेष बळकट असल्याचे नमूद आहे.

१३/ बळकट म्हणजे नेमके काय? कडे उंच आहेत, वाटा अरुंद आहेत, हे खरे. परंतु शत्रू पायथ्याशी महिनोन् महिने बसून राहिला तर कडा काय करणार? वेढ्यातील गडाला धान्य साठवता येते, दारूगोळा साठवता येतो. माणसाला रोज लागणारे पाणी मात्र गडावरच असावे लागते. मुल्हेरच्या माचीवरील तलाव आणि टाकी पाहिली की बागुलांच्या सत्तेचा पाया उमगतो.

१४/ १६३८ मध्ये दख्खनचा सुभेदार असलेल्या शाहजादा औरंगजेबाच्या फौजांनी मुल्हेर घेतला आणि बागलाण मोगलांकडे गेले. सटाण्याहून मुल्हेरला जाताना लागणारे ताहाराबाद हे गाव त्याच मोहिमेतील सरदार मुहम्मद ताहिर याच्या नावाची आठवण सांगते.

१५/ तेहतीस वर्षांनी पारडे फिरले. ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली, परतताना दिंडोरीजवळ मोगलांशी झुंज दिली आणि १६७१ च्या आरंभी साल्हेर जिंकला. खानदेश आणि गुजरातेच्या वाटांवर नजर ठेवणारा १५६७ मीटर उंचीचा हा दुर्ग गमावणे औरंगजेबाला मानवणारे नव्हते. बहादुरखान आणि दिलेरखान यांच्या नेतृत्वाखाली साल्हेरला वेढा पडला. पुढे ते दोघे अन्यत्र वळले आणि वेढ्याचे काम इखलासखान मियाना, अमरसिंह चंद्रावत आदी सरदारांवर सोपवले गेले.

१६/ इथे कालगणना ध्यानात घ्यावी. वेढ्याचे हे दिवस म्हणजे १६७१ ची अखेर आणि १६७२ चा आरंभ. पावसाळा उलटून गेलेला, म्हणजे कोरलेली टाकी आणि गंगासागर भरण्याचा मोसम नुकताच संपलेला. गडाने दम धरला. तो दम होता म्हणूनच मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांना बाहेरून चालून येण्यास अवधी मिळाला.

१७/ फेब्रुवारी १६७२ मध्ये साल्हेरच्या परिसरात मोकळ्या मैदानावर घनघोर युद्ध झाले. सभासद बखरीत त्याचे रोमहर्षक वर्णन आहे. अमरसिंह चंद्रावत मारला गेला. त्याचा मुलगा मोहकमसिंह आणि इखलासखान हे मराठ्यांच्या हाती लागले. मराठ्यांकडील सूर्यराव काकडे जंबुरक्याचा गोळा लागून पडले. वेढा उठला. गनिमी काव्याबाहेर, समोरासमोरच्या लढाईत मिळालेला हा मराठ्यांचा मोठा विजय होय.

१८/ पंधरा वर्षांनी, १६८७ मध्ये, साल्हेर पुन्हा मोगलांकडे गेला. तेव्हाही त्याचे पाणी आटले नव्हते. मुल्हेरचा मोगल किल्लेदार नेकनामखान याने साल्हेरचा किल्लेदार असोजी याला फितवले. तहानेने न पडलेला गड लोभाने पडला.

१९/ पाण्याचे हे शहाणपण पुढे शब्दांतही उतरले. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ (सुमारे १७१५-१६) सांगते : किल्ला बांधण्यापूर्वी पाणी पाहावे. पाणी नसेल आणि जागा तर आवश्यक असेल, तर खडक फोडून टाकी, तळी बांधावीत. एका झऱ्यावर विसंबू नये, कारण युद्धकाळात तोफांच्या दणक्याने झरा कमी होण्याचा संभव असतो. म्हणून राखीव टाकी असावीत, आणि त्यांतील पाणी एरवी खर्चू नये.

२०/ इथे फ्लोरिडाच्या पाणबुड्यांची पुन्हा आठवण होते. १९७० च्या दशकात शेक एक्सली या गुहा-पाणबुड्याने तिथल्या अपघातांचा अभ्यास करून काही नियम मांडले. त्यांतला एक असा : जवळच्या हवेचा एक-तृतीयांश भाग आत जाण्यासाठी, एक-तृतीयांश परतण्यासाठी आणि उरलेला एक-तृतीयांश संकटासाठी राखून ठेवावा. अमात्यांचे राखीव टाके आणि एक्सलीची राखीव हवा यांमागचा विचार एकच. आणीबाणीचा साठा हा आणीबाणी येण्यापूर्वीच बाजूला काढावा लागतो.

२१/ १५ जुलै १८१८ रोजी मुल्हेर इंग्रजांच्या स्वाधीन झाला. त्यानंतर नाशिक जिल्ह्यातील अनेक गडांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवण्यात आल्या. शिबंदी गेली, तसे टाक्यांची देखरेख करणारे हातही गेले. दर पावसाळ्यात माती, पाने, ढासळलेले दगड आत येत राहिले. जिथे माणूस बुडेल इतके पाणी असे, तिथे आज कित्येक ठिकाणी गुडघाभर पाण्याखाली पुरुषभर गाळ आहे.

२२/ जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत नोंदवले. त्यांत साल्हेर आहे. तो राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाच्या अखत्यारीत येतो. नामांकनाने पर्यटक वाढतील, आणि त्यांच्यासोबत एक जुनी खोडही वाढेल, ती म्हणजे टाक्यात उड्या मारण्याची.

२३/ खांबटाके हा तरणतलाव नव्हे. उतरायला पायऱ्या असतीलच असे नाही, भिंती उभ्या आणि शेवाळलेल्या असतात. पाय पडताच तळचा गाळ उसळतो आणि आतला उरलासुरला उजेडही नाहीसा होतो. खांबांमागे गेलेल्याला तोंड कुठे हे कळत नाही. प्रशिक्षित गुहा-पाणबुडे बाहेरपासून आतपर्यंत अखंड दोर बांधून नेतात, ते याच भयाने. गडावरच्या पोहणाऱ्याजवळ ना दोर असतो ना दिवा.

२४/ शिवाय ते पिण्याचे पाणी आहे. गडाखालच्या वाड्यांतून गुरे घेऊन येणारा गुराखी, देवदर्शनाला येणारा भाविक, दुपारच्या उन्हात चढून आलेला वाटसरू या सर्वांची तहान त्यावर भागते. साबण, तेल, उष्टे अन्न त्यात गेले की दोन हजार वर्षांची परंपरा असलेले दान एका दुपारी नासते.

२५/ याच्या उलट चित्रही सह्याद्रीत दिसते. सुट्टीच्या दिवशी मित्रांची टोळी घमेली, फावडी, बादल्या आणि दोर घेऊन गड चढते. रीतसर परवानगी घेतलेली असते. टाक्यापासून उतारापर्यंत माणसांची साखळी उभी राहते आणि गाळाने भरलेले घमेले हातोहात पुढे सरकते. उपसलेल्या मातीत एखादे खापर वा नाणे सापडले, तर ते जागेवर नोंदवून पुरातत्त्व खात्याच्या हवाली करायचे असते. संध्याकाळी अंगभर चिखल असतो, आणि टाक्याच्या तळाशी पाथरवटाच्या छिन्नीचे घाव शतकांनंतर पहिल्यांदा उजेडात येतात.

२६/ त्या घावांवर कुणाचे नाव नाही. साल्हेरच्या लढाईतील सेनापतींची नावे बखरीने राखली, महाकाव्याने बागुल राजांची राखली. गडाचा दम मात्र ज्यांनी कोरून ठेवला, ते पाथरवट अनामिकच राहिले. पुढच्या वेळी गंगासागराच्या काठी ओंजळ भरताना त्यांचे स्मरण व्हावे, आणि टाके जसे सापडले त्याहून स्वच्छ ठेवून गड उतरावा.

लेखनसीमा.